पाच लाख वॅटचा आवाज : बेरजेच्या विद्येचा इतिहास

१.
२ मे १९३४. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी वॉशिंग्टनमध्ये एक सोनेरी कळ दाबली. वुड्रो विल्सन यांनी पनामा कालव्यासाठी वापरलेली हीच ती कळ. तिच्या इशाऱ्यावर ओहायो राज्यातील मेसन या छोट्या गावात ‘डब्ल्यूएलडब्ल्यू’ या रेडिओ केंद्राचा नवा ट्रान्समीटर रीतसर सुरू झाला. त्याची शक्ती होती ५०० किलोवॅट, म्हणजे पाच लाख वॅट. त्या वेळी देशातील इतर बलाढ्य केंद्रे ५० किलोवॅटवर चालत असत.

२.
या यंत्रात एक कोडे दडलेले होते. ज्या व्हॉल्व्हवर ते उभे होते, त्याची क्षमता होती १०० किलोवॅट. पाच लाख वॅटचा एकही व्हॉल्व्ह तेथे नव्हता. तेथे जे होते ते बेरजेतून आलेले होते. रेडिओ लहरींची बेरीज मात्र धान्याच्या पोत्यांसारखी होत नाही. शंभर अधिक शंभर दोनशे होतात, कधी दीडशे होतात, तर कधी शून्यही होते. ही बेरीज माणसाने कशी साधली आणि तिने काय काय घडवले, त्याचा हा इतिहास.

३.
या केंद्राचे मालक पॉवेल क्रॉस्ली हे सिनसिनाटीचे उद्योजक. १९२१ साली मुलाने रेडिओ मागितला, तेव्हा दुकानातील किंमत शंभर डॉलरच्या वर असल्याचे पाहून त्यांनी माहितीची पुस्तिका आणली आणि स्वतःच संच जुळवला, असे सांगितले जाते. पुढे त्यांनी स्वस्त रेडिओसंचांचा मोठा कारखाना उभारला. स्वस्त संच क्षीण संकेत पकडू शकत नसे. मग संच महाग करण्याऐवजी केंद्रच बलवान का करू नये, हा त्यांचा हिशेब होता. १९२२ मध्ये ५० वॅटवर सुरू झालेले केंद्र १९२८ मध्ये ५० किलोवॅटवर पोहोचले होते. पुढची पायरी त्याच्या दहापट होती.

४.
५०० किलोवॅट हा आकडाही पुरता खरा नव्हता. एएम प्रसारणात आवाजाच्या चढ-उतारानुसार वाहक लहरीची उंची कमी-जास्त होते. आवाज कमाल पातळीला पोहोचला की लहरीचा दाब दुप्पट होतो. शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून त्या क्षणी ती चौपट होते. निवेदक शांत असताना ५०० किलोवॅट सोडणाऱ्या यंत्राला वाद्यवृंदाच्या शिखरावर २,००० किलोवॅट सोडावे लागत. ॲम्प्लिफायरची रचना या शिखरासाठी करावी लागते. प्रवासाचा बराच भाग मात्र पायथ्याशीच चालतो. ही विसंगती या कथेत पुन्हा येईल.

५.
डब्ल्यूएलडब्ल्यूसाठी निवडलेला व्हॉल्व्ह होता यूव्ही-८६२. उंची साधारण दीड मीटर. आतला तंतू तापवण्यासाठीच दोनशे अँपिअरच्या आसपास प्रवाह लागे. धनाग्रावर सुमारे १२,००० व्होल्टचा दाब असे. धनाग्र तांब्याचा होता आणि त्याभोवती पाणी खेळवले जाई. साधे पाणी वीज वाहते, म्हणून १२,००० व्होल्टशी गाठ असलेले हे पाणी ऊर्ध्वपातित असावे लागे. त्याची उष्णता दुसऱ्या पाण्यात उतरवली जाई आणि ते दुसरे पाणी इमारतीबाहेरच्या तळ्यात कारंज्यांतून उडवून थंड केले जाई. मेसनचे ते कारंजे शोभेचे नव्हते.

६.
याहून मोठा एकच व्हॉल्व्ह का बनवला नाही? कारण आकार वाढला की संकटेही वाढतात. उष्णता बाहेर काढणे अवघड होते. काच आणि धातू यांचा सांधा तडकण्याची भीती वाढते. आतील भागांमधली विद्युतधारिता वाढते आणि उच्च वारंवारतेचा प्रवाह भलत्या वाटेने जाऊ लागतो. शिवाय एकच महाकाय व्हॉल्व्ह मेला की केंद्रच मुके होते. म्हणून अभियंत्यांनी लहान बळे एकत्र आणण्याचा मार्ग धरला.

७.
येथे लहरींचा स्वभाव आडवा येतो. रेडिओ लहर म्हणजे सतत वर-खाली होणारा दाब. डब्ल्यूएलडब्ल्यूची वारंवारता ७०० किलोहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला सात लाख आवर्तने. दोन ॲम्प्लिफायर एकाच क्षणी वर आणि एकाच क्षणी खाली गेले, तरच त्यांची बेरीज पूर्ण होते. दिंडीतील शेकडो टाळ एकाच ठोक्यावर पडले की एकच नाद घुमतो, आणि थोडे मागे-पुढे झाले की नुसता कलकलाट होतो. लहरींच्या या मागे-पुढे होण्याला विज्ञानात ‘कलांतर’ म्हणतात आणि ते अंशांत मोजतात. एक पूर्ण आवर्तन म्हणजे ३६० अंश.

८.
हिशेब कठोर आहे. समान बळाच्या दोन लहरींत ६० अंशांचे कलांतर पडले, तर बेरजेच्या बाजूस कमाल शक्तीच्या ७५ टक्केच मिळतात. ९० अंश पडले तर निम्मीच शक्ती मिळते. १८० अंश पडले तर काहीच मिळत नाही, कारण एक लहर चढते तेव्हा दुसरी तितकीच उतरते. हरवलेली शक्ती नाहीशी होत नाही. ती उलट फिरून ॲम्प्लिफायरवर येते किंवा कुठेतरी उष्णता बनते. शेकडो किलोवॅटच्या यंत्रात ही परतीची शक्ती व्हॉल्व्ह जाळण्यास पुरेशी असते.

९.
दुसरा शत्रू व्हॉल्व्हच्या आतच होता. यूव्ही-८६२ हा ट्रायोड. त्यातील धनाग्र आणि ग्रिड यांच्यामधल्या धारितेतून बाहेर जाणाऱ्या शक्तीचा अंश मागे झिरपतो. तो योग्य कलेत परतला तर ॲम्प्लिफायर स्वतःच कंप पावू लागतो आणि संकेत वाढवण्याऐवजी आपलाच गोंगाट प्रक्षेपित करतो. यावरचा इलाज म्हणजे तितकाच पण विरुद्ध कलेचा संकेत मुद्दाम ग्रिडकडे पाठवणे. झिरपलेला अंश आणि पाठवलेला अंश एकमेकांना पुसून टाकतात. म्हणजे बेरीज सुखरूप व्हावी यासाठी आधी वजाबाकी नेमकी जमावी लागे.

१०.
मेसनचे यंत्र आरसीएच्या नेतृत्वाखाली जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस यांनी मिळून उभारले. केंद्राचा जुना ५० किलोवॅटचा ट्रान्समीटर आता नव्या यंत्राचा केवळ चालक बनला. त्याच्या संकेतावर तीन मोठे ॲम्प्लिफायर चालत. प्रत्येकात चार यूव्ही-८६२ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १६७ किलोवॅट येत. तिघांचे उत्पादन एकत्र होऊन मनोऱ्याकडे जाई. आवाजाचा संस्कार करण्यासाठी आणखी आठ व्हॉल्व्ह होते, कारण ५०० किलोवॅटच्या वाहक लहरीवर पूर्ण आवाज चढवायचा तर २५० किलोवॅटची ध्वनिशक्ती लागते. असे एकूण वीस व्हॉल्व्ह एका तालात काम करत. संकेत आकाशात सोडण्याचे काम हिऱ्याच्या आकाराचा, २५० मीटरहून उंच पोलादी मनोरा करी.

११.
परिणाम थक्क करणारा होता. रात्री देशाच्या मोठ्या भागात हे केंद्र ऐकू येई. ‘राष्ट्राचे केंद्र’ हे बिरूद त्याने स्वतःच घेतले. ज्या शेतवस्त्यांपर्यंत दुसरे कोणतेच केंद्र धड पोहोचत नव्हते, तेथे स्वस्त संचावर बाजारभाव, हवामान, गाणी आणि नाटके येऊ लागली. मेसनच्या आसपास मात्र विचित्र अनुभव येत. बंद केलेले दिवे मंद उजळत, तारेची कुंपणे आणि छपरांची पन्हाळी बोलू लागत, अशा आठवणी सांगितल्या जातात. त्यात अद्भुत काही नाही. धातूचा गंजलेला सांधा विजेला एका बाजूने सहज आणि दुसऱ्या बाजूने अवघड वाट देतो. तो नकळत रेडिओ संचाचे काम करतो.

१२.
लवकरच तक्रार परदेशातून आली. कॅनडातील टोरोंटोचे सीएफआरबी हे केंद्र ६९० किलोहर्ट्‌झवर, म्हणजे अगदी शेजारी चालत असे. रात्रीच्या वेळी मेसनच्या आवाजाने ते झाकोळले जाऊ लागले. डब्ल्यूएलडब्ल्यूला रात्री शक्ती उतरवावी लागली. मग अभियंत्यांनी मुख्य मनोऱ्याशिवाय आणखी दोन मनोरे उभारले आणि शक्तीचा काही भाग ठरावीक कलांतराने त्यांत सोडला. टोरोंटोच्या दिशेने या लहरी मुख्य लहरीच्या विरुद्ध कलेत पोहोचत आणि तिला क्षीण करत. इतर दिशांना आवाज कायम राहिला. १९३५ मध्ये केंद्र पुन्हा रात्री पूर्ण शक्तीने बोलू लागले.

१३.
लहरींची बेरीज तारेत न करता आकाशात करण्याची ही कल्पना नवी नव्हती. महाराष्ट्राच्या भूमीने ती सात वर्षे आधीच पाहिली होती. ब्रिटिश साम्राज्याला वसाहतींशी बिनतारी संपर्क हवा होता. त्यासाठीचा रूढ मार्ग म्हणजे अतिदीर्घ लहरी आणि प्रचंड शक्ती. १९२६ मध्ये इंग्लंडातील रग्बी येथे सुरू झालेल्या केंद्राला त्यासाठी सुमारे २५० मीटर उंचीचे डझनभर मनोरे उभारावे लागले. मार्कोनी कंपनीच्या चार्ल्स फ्रँकलिन यांनी दुसरी वाट सुचवली. लहर लघु करायची, शक्ती काही दहा किलोवॅटपुरतीच ठेवायची, पण ती चहूकडे न उधळता एका दिशेला झोत करून पाठवायची.

१४.
हा झोत साधण्यासाठी उभ्या तारांची एक लांब रांग टांगली जाई. ट्रान्समीटरची शक्ती तांब्याच्या समाक्ष नळ्यांतून त्यांच्याकडे जाई. नळीला वृक्षासारख्या फांद्या फुटत आणि प्रत्येक फांदीची लांबी अशी राखली जाई, की सर्व तारांपर्यंत संकेत एकाच क्षणी पोहोचावा. मग सर्व तारांच्या लहरी समोरच्या दिशेने एकत्र येत आणि बाजूंना एकमेकींना पुसत. १९२७ मध्ये भारत-इंग्लंड सेवेसाठी असे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आणि ग्रहण केंद्र दौंड येथे कार्यरत झाले. प्रचंड शक्तीपेक्षा नेमकी जुळलेली कला अधिक दूर जाते, याचा पुरावा साम्राज्याच्या तारा वाहणाऱ्या त्या रांगेने रोज दिला.

१५.
मेसनच्या यंत्राने अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण केली. खरी परीक्षा राजधानीत होती. इतर अनेक केंद्रांनीही ५०० किलोवॅटचे परवाने मागितले. छोट्या गावांतील केंद्रचालक धास्तावले. एकच आवाज अर्ध्या देशात घुमला, तर जाहिरातदार त्याच्याकडेच जाणार आणि स्थानिक केंद्रे बंद पडणार, ही त्यांची भीती होती. दुसऱ्या बाजूला दूरच्या शेतकऱ्याचा प्रश्नही खरा होता. त्याच्या गावात स्थानिक केंद्रच नव्हते. त्याला ऐकू येणारा आवाज हाच होता.

१६.
१९३८ च्या जूनमध्ये सिनेटने माँटानाचे सदस्य बर्टन व्हीलर यांचा ठराव मंजूर केला. ५० किलोवॅटपेक्षा अधिक शक्ती लोकहिताला धरून नाही, कारण तिने प्रसारणाची सत्ता थोड्या हातांत एकवटेल, असा त्याचा आशय होता. १ मार्च १९३९ पासून डब्ल्यूएलडब्ल्यूचे नियमित प्रसारण पुन्हा ५० किलोवॅटवर आले. महाकाय यंत्र आणखी काही काळ फक्त मध्यरात्रीनंतरच्या प्रयोगांसाठी जागे होत राहिले. वीस व्हॉल्व्हचा ताल बिघडला नव्हता. किती मोठ्याने बोलावे याची मर्यादा समाजाने ठरवली होती.

१७.
५० किलोवॅटची भिंत उभी राहिल्यावर अभियंत्यांना मोलाचा प्रश्न उरला तो काटकसरीचा. चौथ्या भागातील विसंगती येथे परतते. शिखरासाठी बांधलेला साधा ॲम्प्लिफायर पायथ्याशी चालताना बरीचशी वीज उष्णतेत घालवत असे. वाहक लहरीच्या पातळीवर कार्यक्षमता साधारण एकतृतीयांश असे. ५० किलोवॅट आकाशात जात आणि त्याच्या दुप्पट पाण्यात. विजेचे बिल दर महिन्याला ही आठवण करून देई.

१८.
यावर जवळजवळ एकाच वेळी दोन उत्तरे आली आणि दोन्ही बेरजेचीच होती. १९३५ मध्ये फ्रान्सच्या हेन्री शिरे यांनी सुचवले, की दोन ॲम्प्लिफायर कायम पूर्ण बळाने आणि कार्यक्षमतेने चालवावेत आणि फक्त त्यांचे कलांतर आवाजानुसार बदलावे. कला जुळली की मोठी बेरीज, फाकली की लहान. ज्या कलांतराला इतर सर्व भीत होते, तेच त्यांनी नियंत्रणाचे साधन केले. आरसीएने १९५० च्या दशकात याच तत्त्वावरचे ट्रान्समीटर ‘ॲम्प्लिफेज’ या नावाने विकले.

१९.
दुसरे उत्तर १९३६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील विल्यम डोहर्टी यांनी दिले. जुन्या काळी घाट चढताना गाडीला जादा बैलजोडी जुंपत आणि सपाटीवर ती सोडत. डोहर्टींची रचना त्याच जातीची आहे. पायथ्याशी एकच व्हॉल्व्ह काम करतो, आणि तो आपल्या पूर्ण दाबाने, म्हणून कार्यक्षमतेने चालतो. आवाज चढू लागला की दुसरा व्हॉल्व्ह जागा होतो.

२०.
खरी करामत दोघांच्या मधल्या दुव्यात आहे. तो दुवा म्हणजे पाव तरंगलांबीचे जाळे. अशा जाळ्याच्या एका टोकाला संरोध वाढला की दुसऱ्या टोकाला तो घटलेला दिसतो. दुसरा व्हॉल्व्ह भार उचलू लागताच सामाईक टोकाचा संरोध वाढतो, म्हणून पहिल्याला तो कमी झालेला दिसतो आणि तोही दाब न वाढवता दुप्पट शक्ती देऊ लागतो. शिखरावर दोघे समान वाटा उचलतात आणि बेरीज नेमकी चौपट होते. कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या वर गेली. लुइव्हिलच्या डब्ल्यूएचएएस केंद्रात १९३८ मध्ये असा ट्रान्समीटर बसला. काही दशकांनी मोबाइल टॉवरवरच्या ॲम्प्लिफायरने हीच रचना पुन्हा स्वीकारली, कारण मोबाइलच्या संकेतातही पायथा आणि शिखर यांत मोठे अंतर असते.

२१.
दरम्यान युद्ध पेटले. अमेरिकेत मर्यादेमुळे निरुपयोगी ठरलेला एक महाशक्तिमान ट्रान्समीटर आरसीएकडे होता. १९४१ मध्ये ब्रिटनने तो विकत घेतला आणि ससेक्समधील क्रोबरोजवळ जमिनीखाली खोदलेल्या इमारतीत बसवला. त्याला ‘ॲस्पिडिस्ट्रा’ हे नाव ग्रेसी फील्ड्‌स यांच्या एका लोकप्रिय गीतातील महाकाय रोपट्यावरून मिळाले. त्याची शक्ती ६०० किलोवॅट होती. इतके मोठे यंत्र असूनही ते वारंवारता झपाट्याने बदलू शके, आणि नोव्हेंबर १९४२ पासून ते कामाला लागले.

२२.
या यंत्राने आवाजाचा दुसरा चेहरा दाखवला. सेफ्टन डेल्मर यांच्या चमूचे ‘सोल्डाटेनसेंडर कॅले’ हे केंद्र जर्मन सैनिकांसाठीचे जर्मन केंद्र असल्याचे भासवत याच ट्रान्समीटरवरून बोलत असे. १९४५ मध्ये त्याहून धाडसी प्रयोग झाला. बॉम्बफेकी विमानांना दिशा सापडू नये म्हणून जर्मन केंद्रे हल्ल्याच्या वेळी प्रसारण थांबवत. त्याच क्षणी ॲस्पिडिस्ट्रा त्याच वारंवारतेवर तोच कार्यक्रम पुढे चालू ठेवी आणि मध्येच जर्मन भाषेत खोट्या सूचना देई. ऐकणाऱ्याला सांधा कळत नसे. एका हातात एकवटलेल्या आवाजाविषयीची सिनेटची शंका निराधार नव्हती, हे युद्धाने वेगळ्या रीतीने सिद्ध केले.

२३.
युद्धात रडारने वारंवारता शेकडो आणि हजारो मेगाहर्ट्‌झवर नेली आणि बेरजेचे गणित आणखी नाजूक झाले. ७०० किलोहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ४२८ मीटर. तेथे तारेच्या लांबीत एक मीटर चुकला तर कलांतर एका अंशाहूनही कमी. ५०० मेगाहर्ट्‌झला लांबी ६० सेंटिमीटर उरते आणि दीड-दोन मिलिमीटरची चूकही एक अंश खाते. पुढे ट्रान्झिस्टर आला. एकेकाची शक्ती थोडी, म्हणून जोडणी अधिक. आता शेकडोंनी सोबती एकत्र आणायचे होते आणि प्रत्येकाची चूक सर्वांवर उलटू शकत होती.

२४.
या ठिकाणी १९६० मध्ये सिल्व्हेनिया कंपनीतील अर्नेस्ट विल्किन्सन यांनी प्रसिद्ध केलेली रचना निर्णायक ठरली. दोन ॲम्प्लिफायर जोडायचे तर प्रत्येकापासून पाव तरंगलांबीची वाट काढून दोन्ही वाटा एकत्र आणायच्या आणि दोघांच्या मुखांमध्ये एक रोधक बसवायचा. ५० ओहमच्या व्यवस्थेत वाटांचा संरोध ७०.७ ओहम आणि रोधक १०० ओहमचा. दोन्ही बाजूंचा दाब समान असेल तर रोधकाच्या दोन टोकांत फरकच नसतो, म्हणून त्यातून प्रवाह वाहत नाही. तो जणू तेथे नाहीच.

२५.
एक बाजू अडखळली की रोधक जागा होतो. समतोल बिघडवणारी शक्ती तो स्वतःत जिरवतो आणि एका ॲम्प्लिफायरचा बिघाड दुसऱ्यापर्यंत पोहोचू देत नाही. दोहोंपैकी एक पूर्ण मेला, तर मूळ शक्तीच्या २५ टक्के बाहेर मिळते. राहिलेल्याची अर्धी शक्ती रोधकात जाते, पण तो जिवंत राहतो. सोबती जितके अधिक, तितकी हानी कमी. बारा समान घटकांतून एक गेला तर ८४ टक्के उरते. शंभरांतून एक गेला तर ९८ टक्के. मोठ्या यंत्राचा भरवसा आता एकेका घटकाच्या बळावर अवलंबून राहिला नाही.

२६.
या सर्व धाग्यांची गाठ भारतातही पाहायला मिळते. तिरुपतीजवळ गदंकी येथे वातावरणाचा अभ्यास करणारे एमएसटी रडार १९९० च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. वारंवारता ५३ मेगाहर्ट्‌झ. ३२ गुणिले ३२ अशा मांडणीत १,०२४ अँटेना, त्यांना शक्ती पुरवणारे ३२ ट्रान्समीटर आणि क्षणिक स्पंदांत मिळणारी एकूण शिखरशक्ती सुमारे अडीच मेगावॅट. खडकीच्या तारांप्रमाणे येथेही बेरीज आकाशातच होते. प्रत्येक ओळीचे कलांतर बदलले की मैदानातील एकही खांब न हलवता झोत दुसरीकडे वळतो आणि वरच्या हवेतील वाऱ्यांचा माग लागतो.

२७.
पुढे या रडारचे नूतनीकरण झाले, तेव्हा ३२ मोठ्या ट्रान्समीटरांच्या जागी प्रत्येक अँटेनेला स्वतःचा साधारण एक किलोवॅटचा ट्रान्झिस्टरी विभाग मिळाला. मेसनमध्ये १०० किलोवॅटचा एक व्हॉल्व्ह गेला की बारापैकी एक खांदा निखळत असे. गदंकीत १,०२४ पैकी एक विभाग गेला, तर झोताच्या शक्तीत पडणारी घट अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. यंत्र चालू असते आणि तंत्रज्ञ सवडीने तो विभाग बदलतो.

२८.
ॲस्पिडिस्ट्राने युद्धानंतर बीबीसीची सेवा केली आणि १९८२ मध्ये ते शांत झाले. मेसनचा हिऱ्याच्या आकाराचा मनोरा मात्र आजही उभा आहे. डब्ल्यूएलडब्ल्यू ७०० किलोहर्ट्‌झवरूनच बोलते, पण १९३९ मध्ये ठरलेल्या ५० किलोवॅटवर. दहापट मोठ्याने बोलण्याची विद्या तेव्हाही हाती होती आणि आज ती कितीतरी सोपी झाली आहे. मर्यादा मात्र तिथेच आहे, कारण ती व्हॉल्व्हने घातलेली नव्हती.

(धागा समाप्त)